रोमन सोन्याचं नाणं वाचताना आधी हात बघा

मी ठसे कोरते. रविवार पेठेत सासऱ्यांच्या हाताखाली शिकले. पुतळीचा ठसा, लक्ष्मीच्या नाण्याचा ठसा, देवाच्या टाकाचा ठसा. लोखंडात आकृती उलटी आणि खोल कोरायची, म्हणजे सोन्याच्या पत्र्यावर ती सुलटी आणि उठावाची येते. या कामाने एक गोष्ट हाताला शिकवली: नखाएवढ्या जागेत चेहऱ्यावरून देव ओळखता येत नाही. नाक-डोळे कितीही नीट कोरा, बघणाऱ्याला ती नुसती एक बाई दिसते. तिच्या हातात कमळ दिलं की मगच ती लक्ष्मी होते.

दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये ठसे कोरणाऱ्यांपुढेही हीच अडचण होती आणि त्यांनी ती अशीच सोडवली. त्यामुळे रोमन सोन्याचं नाणं, म्हणजे ऑरियस, वाचायला शिकवताना मी मुलांना राजाच्या तोंडापासून सुरुवात करू देत नाही. बहुतेक लेखांत आधी सम्राटांची यादी असते. ती यादी पाठ करून मागची बाजू कळत नाही, आणि नाण्याचा खरा मजकूर मागच्या बाजूला असतो.

आधी तयारी. खरं ऑरियस आपल्या हातात येणं अवघड, पण त्यावाचून अडत नाही. ब्रिटिश म्युझियमचा संग्रह इंटरनेटवर मोकळा आहे. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचं 'ऑनलाइन कॉइन्स ऑफ द रोमन एम्पायर' हे सूचीस्थळही फुकट बघता येतं. तिथून एका नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो घ्या आणि तळहाताएवढे छापून आणा. मोबाइलवर बघू नका. बोटांनी मोठं-लहान करत बसलात की आकृतीचा तोल हरवतो. शेजारी आपला २०११ ते २०१८ दरम्यानचा एक रुपया ठेवा. तो साधारण २२ मिलिमीटर रुंद आणि पावणेचार ग्रॅमचा आहे. ऑरियस त्याहून लहान, १९-२० मिलिमीटरचं, पण वजनाला जवळजवळ दुप्पट. एवढंसं आणि एवढं जड नाणं हातात येतं तेव्हा माणूस ते नीट बघतो. कोरणाऱ्याला हे माहीत होतं.

आता राजाच्या मुखवट्याचा फोटो पालथा घाला. मागच्या बाजूच्या आकृतीभोवतीची अक्षरंही कागदाच्या पट्टीने झाका. उरेल ती फक्त उभी किंवा बसलेली एक आकृती, बहुधा एक बाई. एक प्रश्न विचारा: उजव्या हातात काय आहे, डाव्या हातात काय आहे?

आपल्याकडे मूर्तिशास्त्र शिकणारा हेच करतो. विष्णूच्या चोवीस मूर्ती सारख्याच दिसतात. शंख, चक्र, गदा, पद्म कोणत्या हातात आहेत त्या क्रमावरून केशव कोण आणि माधव कोण ते ठरतं. रोमन नाण्यांवरच्या बायका या बहुतेक वेळा गुणांच्या देवता आहेत: शांती, विपुलता, निष्ठा, आरोग्य, स्वातंत्र्य. त्यांची आयुधं ठरलेली आहेत आणि ती दोनअडीचशे वर्षं फारशी बदलत नाहीत.

सर्वांत जास्त भेटेल ते फळाफुलांनी भरून वाहणारं शिंग, कॉर्नुकोपिया. ते बघून लगेच नाव ठरवू नका, कारण ते निम्म्या देवतांच्या डाव्या हातात असतं. निकाल उजव्या हातावर लागतो. शिंगाबरोबर जहाजाचं सुकाणू असेल तर ती फॉर्च्युना, म्हणजे दैव: नशिबाची नौका कुठे वळवायची ते तिच्या हातात. तराजू असेल तर एक्विटास, न्याय्य मापाची देवता, नाहीतर तिच्यासारखीच दिसणारी मोनेटा, टांकसाळीची देवता. या दोघींत फरक करायला मात्र अक्षरांची पट्टी उचलावीच लागते. दोन सापांचा विळखा असलेली काठी असेल तर फेलिसिटास, भरभराट. उथळ तबक असेल तर बहुधा कॉन्कॉर्डिया, सलोखा. हिच्या हातात कधी एकाऐवजी दोन शिंगं एकत्र असतात. ऑलिव्हची फांदी असेल तर पॅक्स, शांती. धान्याची कणसं आणि पायाशी धान्याचं माप किंवा जहाजाची नाळ असेल तर ती अन्नोना. रोमला इजिप्तहून आणि आफ्रिकेहून जहाजाने येणाऱ्या वार्षिक धान्याची ही देवता. ती दिसली की समजा, शहराच्या पोटाची काळजी सम्राट वाहतोय असं कोणाला तरी सांगायचं आहे.

शिंग नसलेल्या ओळखायला सोप्या. पंख, हातात माळ आणि खजुराची फांदी: व्हिक्टोरिया, विजय. तबकातून सापाला खाऊ घालणारी: सालुस, आरोग्य. उजव्या हातात फूल उंच धरलेली आणि डाव्या हाताने वस्त्राचा काठ किंचित उचलून पाऊल टाकणारी: स्पेस, आशा. निमुळती टोपी आणि काठी घेतलेली: लिबर्टास, स्वातंत्र्य, कारण गुलाम मुक्त झाला की तशी टोपी घालत असे. पदर तोंडावर ओढून घेणारी पुडिसिटिया, शालीनता. ही सहसा राण्यांच्या नाण्यांवर भेटते. छडीने जमिनीवरच्या गोलाकडे बोट दाखवणारी प्रॉव्हिडेन्शिया, दूरदृष्टी. आणि एका हातावर सूर्याचं, दुसऱ्यावर चंद्राचं मुंडकं घेऊन उभी असलेली ती एटर्निटास, चिरंतनता. सूर्य-चंद्र कशासाठी, हे गावोगावच्या वीरगळांवर आणि शिलालेखांवर चंद्र-सूर्य बघत आलेल्या मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

हातांत काय आहे ते कागदावर लिहून काढा. नाव नंतर. 'उजवा हात: तबक. डावा हात: दुहेरी शिंग. बसलेली. पायाशी काही नाही.' अशी टिपणं करून झाल्यावरच अक्षरांवरची पट्टी उचला. ही शिस्त मी पक्की पाळायला लावते, कारण एकदा नाव वाचलं की डोळा बघायचं थांबवतो.

माणसाशिवायच्या वस्तूही अशाच वाचायच्या. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस, त्याचं एक नाणं भारतात खूप ठिकाणी सापडलं आहे. चांदीत जास्त, सोन्यातही. मागच्या बाजूला दोन तरुण, मध्ये दोन ढाली आणि भाले. हे गायस आणि लुसियस, त्याचे नातू, ज्यांना त्याने दत्तक घेऊन वारस नेमलं. ढालींच्या वर, मधल्या रिकाम्या जागेत दोन बारीक चिन्हं आहेत आणि बहुतेक लोक ती बघतच नाहीत. एक म्हणजे यज्ञातली पळी. दुसरी वर वळलेली काठी, पक्ष्यांच्या उडण्यावरून शकुन सांगणाऱ्या पुरोहिताची. गायस पुरोहितमंडळात होता, लुसियस शकुन बघणाऱ्यांत. म्हणजे ढाल-भाला सांगतो की ही मुलं सेना सांभाळतील आणि पळी-काठी सांगते की ती धर्मही सांभाळतील. लुसियस इ.स. २ मध्ये वारला, गायस इ.स. ४ मध्ये. राज्य टायबेरियसकडे गेलं. पण त्या दोघांची नाणी व्यापाऱ्यांच्या थैल्यांतून आपल्याकडे येत राहिली.

ऑगस्टसचाच मकर बघा. पुढून बोकड, मागून मासा, पुढच्या पायांत पृथ्वीचा गोल, सोबत सुकाणू आणि पाठीवर भरलेलं शिंग. त्याचा जन्म इ.स.पू. ६३ च्या सप्टेंबरचा, म्हणजे सूर्य तुळेत. मग मकर का, यावर युरोपात बराच वाद झाला आहे. जन्मवेळी चंद्र मकरेत होता, हे त्यावरचं एक प्रसिद्ध उत्तर. जन्मरास चंद्रावरूनच धरणाऱ्या आपल्या लोकांना ते चटकन पटतं. मला मात्र राशीपेक्षा त्याच्या पायांतल्या वस्तू महत्त्वाच्या वाटतात. गोल, सुकाणू, शिंग: जग, त्याची दिशा आणि त्याची सुबत्ता. एका प्राण्याच्या अंगावर तिन्ही मावली आहेत. असा ठसा कोरायला बसले तर मी आधी शिंगाची जागा धरेन, कारण तेच सर्वांत आधी पुसट होतं.

आता अक्षरं. ती लॅटिन आहेत, पण लॅटिन यायला हवं असं नाही. ठरलेले संक्षेप पाठ केले की बरंच काम होतं. यू साठी व्हीच कोरत, त्यामुळे 'एव्हीजी' दिसलं की ते ऑगस्टस, सम्राटपदाची पदवी. 'आयएमपी' म्हणजे इम्पेरातोर, विजयी सेनापती. 'पीएम' म्हणजे मुख्य धर्माधिकारी. 'पीपी' म्हणजे राष्ट्रपिता. 'डीआयव्हीआय एफ' म्हणजे देवपदाला पोचलेल्याचा मुलगा. 'सीओएस' पुढे आकडा असेल तर तो कितव्यांदा कॉन्सुल, म्हणजे रोमचा वर्षभरासाठीचा सर्वोच्च अधिकारी, झाला ते. 'टीआर पी' म्हणजे जनतेच्या वतीने असलेला अधिकार. तो दरवर्षी नव्याने मोजत, त्यामुळे त्यापुढचा आकडा मिळाला की नाण्याचं वर्ष जवळपास हाती येतं.

शत्रूंवरून घेतलेल्या पदव्याही तारखेला उपयोगी पडतात. सम्राट ट्राजनच्या नाण्यावर 'डीएसी' असेल तर ते इ.स. १०२ च्या आधीचं नाही, कारण डाकिया, म्हणजे आजच्या रुमानियाकडचा प्रदेश, जिंकल्याची पदवी त्याने तेव्हा घेतली. सोबत 'सीओएस व्ही' असेल तर नाणं १०३ ते १११ मधलं, कारण ११२ ला तो सहाव्यांदा कॉन्सुल झाला. मागे 'एसपीक्यूआर ऑप्टिमो प्रिन्सिपी' अशा अर्थाचा मजकूर असेल तर सिनेट आणि रोमन जनतेने 'सर्वोत्तम राज्यकर्त्याला' हे अर्पण केलं, असा त्याचा अर्थ. नाणं पाडायचा अधिकार सम्राटाचा, आणि त्यावरची भाषा मात्र दुसऱ्यांनी त्याला मान दिल्याची. हे नीट लक्षात ठेवा.

एवढं झालं की राजाचा फोटो सुलटा करा. डोक्यावर बहुधा लॉरेलच्या पानांची माळ दिसेल. सूर्यकिरणांसारखा टोकदार मुकुट सोन्यावर दिसला तर वजन आवर्जून पाहा. तो सहसा दुहेरी किमतीच्या नाण्याची खूण असतो. हेड्रियनपासून सम्राटांना दाढी येते. मेलेल्या आणि देव ठरवलेल्या सम्राटाच्या नावाआधी 'डिव्हस' असतं आणि मागे गरुड किंवा रचलेली चिता. राणी असेल तर 'डिव्हा', आणि गरुडाच्या जागी जूनो देवीचा मोर. अँटोनायनस पायसची बायको फॉस्टिना इ.स. १४० मध्ये वारली. त्यानंतर तिच्या नावाने इतकी वेगवेगळी नाणी निघाली की केवळ तिच्यावरच एक वही भरेल.

पुढची बाजू वाचायला शिकवण्यासाठी मी नेहमी नीरोचीच नाणी घेते. इ.स. ५४ मध्ये तो सोळा वर्षांचा असताना गादीवर आला. त्या वर्षीच्या ऑरियसवर तो आणि त्याची आई अग्रिपिना समोरासमोर आहेत, नाकासमोर नाक, डोकी सारख्याच उंचीची. भोवतीची अक्षरं वाचा: ती आईच्या नावाची आहेत. मुलाचं नाव मागच्या बाजूला. पुढच्या वर्षीचं, इ.स. ५५ चं नाणं शेजारी ठेवा. आता दोघं एकाच दिशेला बघतात, एकामागे एक. नीरो पुढे, आई त्याच्या आड, तिची फक्त कडा दिसते. पुढच्या अक्षरांत आता त्याचं नाव, आईचं नाव मागच्या बाजूला गेलं आहे. त्यानंतरच्या नाण्यांवर ती नाही. इ.स. ५९ मध्ये त्याने तिला ठार करवलं. घरातली सत्ता कोणाकडून कोणाकडे गेली ते तीन नाणी ओळीने ठेवून दिसतं, आणि त्यासाठी एक ओळही इतिहास आधी वाचावा लागत नाही. अशी ओळ लावून बघायची सवय करा. एकटं नाणं अर्धंच बोलतं.

चिन्ह ओळखून, तारीख काढून झाल्यावर पुष्कळ लोक थांबतात. मला वाटतं खरं काम तिथे सुरू होतं. विचारायचं असं: त्या वर्षी हीच गोष्ट सोन्यावर सांगायची गरज का पडली? आणि कोणाला? ऑगस्टसच्या काळात रोमन पायदळातल्या शिपायाचा वर्षाचा पगार २२५ दिनारी होता. दिनारी हे चांदीचं नाणं, एका ऑरियसचे २५ दिनारी, म्हणजे वर्षाला नऊ ऑरियस, तीन हप्त्यांत. सोन्याचं नाणं रोज भाजी घ्यायला जात नव्हतं. ते शिपाई, अधिकारी, सावकार, मोठे व्यापारी यांच्या हातात जायचं. मजकूर त्यांच्यासाठी आहे.

इ.स. ६९ या एका वर्षात रोमला चार सम्राट झाले आणि रोमन सेना एकमेकींवर तुटून पडल्या. त्या धामधुमीतल्या नाण्यांवर एकमेकांत गुंतलेले दोन उजवे हात आहेत आणि मजकूर आहे 'सेनांची निष्ठा'. दुसरं उदाहरण सम्राट काराकालाचं. इ.स. २०२ मध्ये त्याचं प्लॉटिलाशी लग्न लावलं गेलं. नाण्यांवर दोघं हातात हात घालून उभे, मजकूर वंशवृद्धीचा आणि सलोख्याचा. प्रत्यक्षात तो तिचा तिरस्कार करत होता, असं त्या काळचा इतिहासकार कॅसियस डियो लिहून गेला आहे. २०५ मध्ये तिच्या बापाला मारलं, तिला बेटावर हद्दपार केलं आणि पुढे तिलाही संपवलं. नाण्यावर एखादा गुण फार आग्रहाने सांगितलेला दिसला की त्या वर्षी तो कुठे कमी पडला होता ते शोधायचं. नेहमीच सापडेल असं नाही, पण शोधायचं.

याच्याशी जोडून सम्राट व्हेस्पेशियनचं 'युडिया', म्हणजे ज्यूंच्या प्रदेशाचं, नाणं बघा, कारण तिथे हात वाचण्याची परीक्षा होते. शत्रूचं चिलखत आणि ढाली खांबाला टांगून उभं केलेलं विजयचिन्ह, त्याच्या पायथ्याशी जमिनीवर बसलेली एक बाई, हाताने डोकं टेकून. खाली एकच शब्द, 'युडिया'. इ.स. ७० मध्ये त्याच्या मुलाने, टायटसने जेरुसलेम पाडलं, त्याचं हे नाणं. डोक्याला लावलेला तो हात शोकाचा आहे. पण रोमन नाण्यांवर दुसरीही एक बाई डोक्याला हात लावून बसते: सेक्युरिटास, निर्धास्तपणा. हाताची ठेवण जवळजवळ तीच. फरक भोवतालात आहे. निर्धास्त बाई आसनावर बसलेली असते किंवा खांबाला रेललेली, बऱ्याचदा हातात राजदंड असतो. शोक करणारी जमिनीवर असते, तिच्या हातात काहीच नसतं आणि तिच्या डोक्यावर शत्रूचं विजयचिन्ह उभं असतं. म्हणून हातांबरोबर आसनही लिहून काढायचं. आणि ते नाणं का पाडलं? व्हेस्पेशियन गादीवर आला तो रोमन लोकांनीच रोमन लोकांशी केलेल्या युद्धातून. तो विजय सोन्यावर मिरवता येत नव्हता. परक्यांवरचा विजय मिरवता येत होता. त्या बाईला हे किती महाग पडलं ते नाणं सांगत नाही. पण कोरणाऱ्याने तिची मान ज्या कोनात वाकवली आहे, तो कोन बघून माझा हात दर वेळी थांबतो.

आता आपल्या बाजूच्या खुणा. रोमन सोनं भारतात आलं ते मिरीसाठी, मलमलीसाठी, मौल्यवान दगडांसाठी. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी तक्रार करतो की भारत दरवर्षी साम्राज्याचे निदान पाच कोटी सेस्टर्शियस ओढून नेतो. एका ऑरियसचे शंभर सेस्टर्शियस होतात, म्हणजे हिशोब तुम्हीच करा. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक समुद्रवर्णनात भडोचला सोन्याचांदीची रोमन नाणी आणली तर स्थानिक चलनाच्या बदल्यात नफा होतो, असं लिहिलं आहे. त्यात पैठण आहे, तेर आहे, कल्याण, सोपारा, चौल आहे. सोन्याच्या नाण्यांचे मोठे साठे मात्र दक्षिणेत सापडले: आंध्र, तमिळनाडू, केरळ. आपल्या भागात रोमचा हात वेगळ्या वस्तूंत दिसतो. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीतला काशाचा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव, आहे, आणि तेरला रोमन नाण्यांच्या नमुन्यावर केलेल्या मातीच्या चकत्या मिळाल्या आहेत.

भारतात सापडलेल्या ऑरियसवर दोन खुणा शोधा. पहिली, छिन्नीचा घाव. १८९८ मध्ये पुदुकोट्टईला ५०१ ऑरियसचा साठा मिळाला आणि त्यातल्या बहुतेक नाण्यांवर राजाच्या मुखवट्यावरून आडवा-तिरका घाव घातलेला आहे. आत तांबं आहे का हे तपासायला घाव घातला, असं काही अभ्यासक म्हणतात. सोनाराच्या घरात राहून मला ते पटत नाही. कस पाहायचा तर कडेला बघतात, तोंडावर छिन्नी घालत नाहीत. आणि तपासायला एवढ्या सगळ्या नाण्यांवर एवढा खोल घाव लागत नाही. ही नाणी चलनातून बाद केल्याची खूण असावी, हे दुसरं मत मला जास्त बरोबर वाटतं: परक्या राजाचं तोंड कापलं की उरतं ते फक्त वजनाचं सोनं.

दुसरी खूण म्हणजे भोक, बहुधा डोक्याच्या वर, कधी दोन शेजारी शेजारी. ते दागिन्यासाठी. भोक कुठे आहे त्यावरून गळ्यात कोणती बाजू सुलटी लटकत होती ते कळतं. इथे मला आमच्या पुतळीची आठवण येते. पेशवाईत इकडे चालणारी व्हेनिसची सोन्याची नाणी, साडेतीन ग्रॅमची, त्यांवर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख आणि मागे ख्रिस्त. आपल्या बायकांनी त्यांची माळ केली, आणि पुढे ठशावर लक्ष्मी आली. बाहेरून आलेलं चित्र गळ्यात घालून हळूहळू आपलं करून घेणं त्या आधीही हजार-दीड हजार वर्षं चाललेलं होतं. म्हणून भोक पडलेलं ऑरियस खराब झालेलं समजू नका. तो त्याचा पुढचा इतिहास आहे.

इथल्या कारागिरांनी केलेल्या नकलाही आहेत आणि त्या बघायला फार सुंदर. ओळखायची खूण अक्षरांत: चित्र जवळपास बरोबर, पण अक्षरांच्या जागी उभ्या रेघा, गोल, काट्या. कोरणाऱ्याला अक्षर येत नव्हतं, पण अक्षर कुठे असायला हवं ते ठाऊक होतं.

वजनाचं थोडक्यात. जुन्या सराफी मापात मासा म्हणजे सुमारे ०.९७ ग्रॅम. ऑगस्टसचं ऑरियस साधारण ७.८ ग्रॅम, म्हणजे आठ मासे. नीरोने इ.स. ६४ मध्ये ते कमी करून एका रोमन पौंडातून ४५ नाणी काढली: सुमारे ७.३ ग्रॅम, साडेसात मासे. काराकालाने पौंडाला ५० केली, सुमारे साडेसहा ग्रॅम. कॉन्स्टंटाइनने ऑरियसच्या जागी सॉलिडस आणलं, पौंडाला ७२, साडेचार ग्रॅम. फोटोखाली दिलेलं वजन या पट्टीवर ठेवून बघायची सवय लावा. राजा आणि वजन जुळत नसेल तर काहीतरी शोधायला हवं.

बनावट मालाबद्दल बोलावंच लागतं, कारण जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी 'रोमन मोहोर' म्हणून चकत्या दाखवल्या जातात. ठशाने ठोकलेल्या नाण्यात सोनं मधून बाहेर पसरतं, त्यामुळे भिंगातून अक्षरांच्या मुळाशी कडेकडे जाणाऱ्या बारीक रेघा दिसतात. साच्यात ओतलेल्यात त्या नसतात. तिथे पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोल असतात आणि कडेला दोन साचे जुळल्याची रेघ किंवा ती कानशीने घासल्याची खूण असते. पितळेवर मुलामा असेल तर पाण्यातलं वजन त्याला उघडं पाडतं: ७.३ ग्रॅमचं जवळजवळ शुद्ध सोनं पाण्यात फक्त ०.३८ ग्रॅमच्या आसपास हलकं होतं, तेवढ्याच वजनाचं पितळ त्याच्या दुपटीहून जास्त. सोन्यातच केलेली बनावट मात्र या चाचणीत पास होते. जुन्या तांब्यासारखा हिरवा थरही सोन्यावर चढत नाही की त्यावरून वय कळावं. तिथे ठशाची शैलीच बघावी लागते आणि ते जाणकाराचं काम. खरं असण्याची थोडी जरी शक्यता असेल तर ते नाणं कसोटीवर घासू नका, आम्ल लावू नका, चिंच-मीठ तर मुळीच नको. कडेने धरा, खाली मऊ कापड घ्या.

आणि कायदा. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतं. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत पुरलेलं सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. नाणं कुठून आलं याचा कागद नसेल तर कितीही सुंदर असलं तरी हात लावू नका. सीझरला मारल्यानंतर ब्रूटसने इ.स.पू. ४२ मध्ये पाडलेलं नाणं आहे: दोन खंजीर, मध्ये मुक्त गुलामाची टोपी, खाली सीझरला मारलं त्या दिवसाचं, १५ मार्चचं, नाव. सोन्यात त्याची अगदी मोजकी नाणी उरली आहेत. त्यातलं एक २०२० मध्ये लंडनच्या लिलावात तीस लाख पौंडांहून जास्त किमतीला विकलं गेलं. पुढे त्याचा आधीच्या मालकीचा इतिहास खोटा असल्याचं उघड झालं आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत करावं लागलं. हे नाणं फोटोवरूनही पूर्ण वाचता येतं: खंजीर दोन का, एक का नाही, टोपी मध्येच का, ते बघा.

सरावासाठी पहिलं नाणं मी हेड्रियनचं 'हिस्पानिया' देते. साम्राज्यभर फिरलेल्या या सम्राटाने प्रांतांची नाणी काढली, त्यातलं हे. अक्षरं झाका. एक बाई रेलून बसली आहे. हातात ऑलिव्हची फांदी. शांतीची देवता म्हणून लिहून टाकायचा मोह होईल. थांबा, तिच्यासमोर जमिनीवर बघा: ससा आहे. तो पॅक्सजवळ कधी नसतो. फांदी आणि ससा दोन्ही एकाच प्रदेशाची ओळख आहेत, असं धरून पुन्हा वाचा. मग ट्राजन आणि हेड्रियन या दोघांची घराणी कुठली होती ते शोधा, आणि त्यानंतरच पट्टी उचला.